एकोणीस वाटे

हाक्याला माणसं अठरा, वाटे एकोणीस.
चांदाड्याची पानं मी मांडायची,
गोल, तळहाताएवढी दोन-दोन जोडून.
आबा सुरी धुऊन बसायचा
आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता कापायचा.

मग केरबा कोकरे पाठ करून उभा राहायचा.
आबा एका पानावर बोट ठेवायचा:
"ह्यो कुणाचा?"
केरबा समोरच्या डोंगराकडं बघत नाव घ्यायचा.
ज्याचं नाव, त्यानं उचलायचं.
हाड जास्त आलं म्हणून कुणी बोललेलं
मी ऐकलं नाही.

बंदूकवाल्याला मुंडी वरकड, मान तेवढाच.
डबा बडवत आलेल्या पोराचं मटण
आणि ईश्वरा पाटलाच्या ठासणीच्या बंदुकीचं मटण
सारखंच.
कुत्र्यांचं सगळ्यात आधी,
ती मागून घेऊ शकत नाहीत म्हणून.

शेवटच्या पानाला केरबा म्हणायचा, "रानाचा."
तो मी करवंदीच्या जाळीमागं ठेवून यायची,
मागं न बघता. एकदा बघितलं. मुंग्या होत्या.

रानात शिरायच्या आधी तंबाखू मळत
म्हातारे तेच ते सांगायचे, पोरं जांभया द्यायची.
पाण्यावर आलेल्याला मारायचं न्हाई.
मागं पाडस असंल तर नळी खाली.
हाका तीन अंगांनी घालायचा, चौथं अंग जनावराचं;
तिथनं गेलं तर गेलं, शिव्या द्यायच्या न्हाईत.
आणि रगत सांडलं, की त्याच्या मागनं
आपुन जायचं. कितीबी लांब.

त्या माघात, म्हाईच्या आदल्या दिवशी
भेकर पडलं एक. आणि एक सांबर
सातापानं घाईत पोटात मारलेलं,
मोकळ्या अंगानं घळीत उतरलं.
दिवस बुडाला होता. "सकाळी बघू," म्हणाले.
घरोघरी पाव्हणे, पाट्यावर मसाला.
मी पानं मांडली.
आबानं सुरी हातात घेतली नाही.
"रगत रानात हाय अजून."

हसले. मग चिडले.
आबानं कंदील उचलला.
बांधापर्यंत एकटाच होता,
पुढं सातापा पळत गेला त्याच्या मागं, अनवाणी.

भेकर तसंच पडून राहिलं पानांशेजारी.
कुत्री बसून होती. मीही.

आबानं काही सांगितलं नाही कधी.
सातापानं सांगितलं, लई वर्षांनी, घेतल्यावर:
सांबर डोहात उभं होतं, गळ्याएवढ्या पाण्यात.
मी बंदूक उचलली, तर तुझा बा म्हणाला, पाण्यावर न्हाई.
मग करायचं काय?
बसलो काठावर. ते बघतंय आमच्याकडं, आम्ही त्याच्याकडं.
थंडी अशी, की दात वाजाय लागले.
ते काय भाईर आलं न्हाई.
पहाटं तुझ्या बानं सदरा काढला
आणि सुरी घिऊन पाण्यात उतरला.
एवढं सांगून सातापा गप्प झाला.
"ते हाललं न्हाई गं," म्हणाला, मग
उठून लघवीला गेला, परत आलाच नाही.

भेकर वास मारायला लागलेलं.
म्हाईला गावानं पिठलं खाल्लं,
आणि महिनाभर आबाशी कुणी बोललं नाही.
पाण्यातल्याला मारलं, म्हणून काहीजण.
बाकीचे मटणासाठी.
त्यानंतर ती सुरी फणसालाच लागली.

पाटी नंतर लागली अभयारण्याची.
माझा मुलगा म्हणतो, कायदा तेव्हाही होताच आई,
तुम्ही चोर होता सगळे.
चोरांचे कसले नियम?
खरं आहे. मी भाकरी थापत राहते.

रविवारी शुक्रवार पेठेत मटणाच्या रांगेत असते मी.
तराजू चोख असतो. नंबर आला, की
अर्धा किलो म्हणते
आणि पाठ करून उभी राहते.
पोरगं नवं आहे दुकानात,
त्याला वाटतं, मावशीला रक्त बघवत नाही.